पेटीवर धरलेली छत्री

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. बरं, अट राहू द्या. ती पाळलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

खरं म्हणजे हा किस्सा सांगायचा हक्क आमच्या हिचा. इंदू तो सांगायला लागली की हातातली चहाची किटली हातातच राहायची आणि पाहुण्यांचे कप रिकामे. मी आपला खिडकीशी पेपर तोंडासमोर धरून बसायचो आणि तिखटमीठ कुठं जास्त पडतंय ते ऐकायचो. आता ती नाही. तेव्हा तिखटमीठही मलाच घालावं लागणार. कमी पडलं तर सांभाळून घ्या.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. मी एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत नोकरीला होतो. बोटीनं आलेला लोकांचा माल कस्टममधून सोडवायचा आणि गोदीबाहेर काढून द्यायचा, हे आमचं काम. "माणकरांकडे द्या, माल बाहेर आलाच म्हणून समजा," असं सगळे म्हणत. म्हणजे मी म्हणायचो आणि सगळे ऐकून घेत.

डॉक्टर परुळेकर हा माझा शाळासोबती. गिरगावात आम्ही एका बाकावर बसून मार खाल्लेला. त्यानं लालबागला गिरणीकामगारांसाठी धर्मादाय दवाखाना काढला होता. दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं. फिल्म मात्र नव्हती! परदेशी मालावर तेव्हा इतकी बंधनं की बाजारात फिल्म औषधालाही मिळेना. त्या मशीनवर कंपाउंडर आपला पंचा वाळत घालायचा.

आणि रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर भिकाजी सावंत येऊन बसायचा. मालवणकडचा विणकर. खोकला धरलेला. गिरणीनं त्याला सांगितलं होतं, छातीचा फोटो आण, स्वच्छ असला तर मागावर उभा राहा, नाहीतर घरी बस. चाळीतल्या बायका त्याच्या दारावरून जाताना पोरांना कडेवर घेऊ लागल्या होत्या. परुळेकर छाती तपासून म्हणायचा, "सावंत, हा क्षय नाही, मी सांगतो." पण त्याच्या सांगण्याला गिरणीत कोण विचारतो? फोटो पाहिजे!

अखेर परुळेकरच्या एका परदेशातल्या डॉक्टर स्नेह्यानं खटपट केली आणि तिकडच्या एका धर्मादाय संस्थेकडून दोन पेट्या बोटीनं रवाना झाल्या. एकीत एक्स-रेची फिल्म. दुसरीत रुग्णांच्या उपयोगाची इनॅमलची भांडी.

बोट आली, पण धक्का मोकळा नाही म्हणून समुद्रातच उभी राहिली. धक्का मिळाला, तर उतरवणारे मोर्चाला गेलेले. माल उतरला, तर तो पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्याच कुणाच्या यंत्रसामग्रीमागं गाडला गेला. आणि वर ऑक्टोबरचं ऊन!

परुळेकर माझ्या कचेरीत येऊन टेबलावर हात टेकून उभा राहिला.

"मोरू, फिल्मला दोन शत्रू. उजेड आणि उष्णता. त्या शेडमध्ये ती फार दिवस राहिली तर मला पापड भाजून मिळतील."

"अरे, मी आहे ना!"

"त्याचीच काळजी आहे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, अर्धा दिवस काम. मग दसऱ्याची सुट्टी. मग हरताळ जाहीर झालेला, तो किती चालेल कुणी सांगावं? म्हणजे पेटी निघाली तर खंडेनवमीच्या सकाळी, नाहीतर राहिली भाजत.

मी आदल्या दिवशीच शेडमध्ये जाऊन पेट्या शोधून काढल्या. दोन्ही सारख्या. दोन्हींवर दवाखान्याची तीच अक्षरं. फरक फक्त खालच्या आकड्यात. एकवर फिल्म, दोनवर भांडी. आता मला चिंता पडली ती गोदीतल्या हमालांची. माणसं चांगली, पण दमली की कुठल्याही पेटीवर बूड टेकणार, बिडी पेटवणार, पाय देऊन पलीकडे जाणार. त्यांना सांगायचं तरी काय? आत काच नाही, काही नाही; आत अंधार आहे, तो सांडू नका?

आणि इथं मला ती सुप्रसिद्ध युक्ती सुचली. पेटीला कुंकू लावायचं! कुंकू लावलेल्या वस्तूवर आपला माणूस पाय ठेवेल का हो? मरेल पण ठेवणार नाही.

घरी येऊन इंदूच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू कागदात बांधायला लागलो, तर ही दारात.

"अहो, कुणासाठी नेताय?"

"गोदीत आहे एक."

"नाव काय तिचं?"

"पेटी नंबर एक."

"बरी आहे का दिसायला?"

"चौकोनी आहे."

"मग न्या," म्हणाली.

तो करंडा अजून कपाटात आहे. असो.

संध्याकाळी परत गोदीत जाऊन पेटीला ठसठशीत टिळा लावला, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि स्वतःच्या बुद्धीवर खूश होऊन घरी आलो. आता एक सांगा. दुसऱ्या दिवशी काय होतं? खंडेनवमी! बरोबर. तुम्ही इथं चहा पिता पिता सांगितलंत. मला मात्र त्या वेळी एवढंच सुचलं होतं की अर्धा दिवस काम.

सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि पाहिलं, तर क्रेनला हार. हमालांच्या हुकांना हार. हातगाड्यांना कुंकू, वजनकाट्याला कुंकू, दाराच्या कडीला कुंकू. शेडमधल्या लोकांनी पहाटेच अवजारांची पूजा उरकली होती, आणि हात सढळ. पुढच्या ओळीतल्या यच्चयावत पेट्यांना टिळा आणि झेंडू. शेडचा नुसता लग्नमंडप झाला होता!

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. कौतुकानंच पाहिलं. आणि तरीसुद्धा पुढच्या ओळीत दवाखान्याच्या अक्षरांची, टिळा लावलेली पेटी दिसताच म्हणालो, "ही बघा आमची!" आकडा पाहिला का? कशाला पाहू? टिळा होता की! दुसरी पेटी मागं भिंतीशी ढकललेली दिसत होती. तिचं तोंड पलीकडे. तिला कुठं काही लावलेलं दिसत नव्हतं. म्हणजे ती भांड्यांची. झालं!

तपासणीला कस्टमचे आजगावकर साहेब आले. कपाळाला टिळा, चेहऱ्यावर मात्र सण नाही.

"उघडा पेटी."

"साहेब, उघडता येणार नाही."

त्यांनी भुवई वर केली. मी सुरू झालो. आत एक्स-रेची फिल्म आहे. काळ्या कागदाची पाकिटं आहेत. मोजायला म्हणून एक पाकीट फाडलंत आणि एक कवडसा आत गेला, तर अख्ख्या लालबाग-परळच्या छात्या अंधारात राहतील! गिरणीत राबणारा माणूस खोकतोय, साहेब, त्याची बायकामुलं दाराशी उभी आहेत... मी एरवी चार माणसांत फार बोलणारा नाही. पण त्या दिवशी सरस्वती जिभेवर येऊन बसली होती. पाटीपूजनाचेच दिवस! दोन हमालांनी डोक्याची मुंडाशी काढली.

आजगावकरांनी घड्याळ पाहिलं, पूजेच्या प्रसादाचं ताट उचललं जात होतं तिकडे पाहिलं, आणि न उघडता सही केली.

"आणि ती दुसरी?"

"ती?" मी उदारपणे हात हलवला. "ती भांड्यांची. हवी तेवढी उघडा. उन्हात मांडून एकेक मोजा. माझं काही म्हणणं नाही."

"मग मी ती आत्ताच तपासून ठेवतो. तुमची एक खेप वाचेल."

"फार उपकार होतील!" मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

ट्रक कुठला मिळायला? दगड पडतील म्हणून ट्रकवाले बाहेर निघत नव्हते. सावंतच आपल्या चाळीतले दोन गडी आणि हातगाडी घेऊन आला होता. पेटीवर आम्ही गोणपाटाची ओली किंतानं घातली. तरी मला धीर होईना. ऊन मी म्हणत होतं. शेवटी माझी छत्री उघडली आणि पेटीवर धरली. गाडी पुढं, मी बाजूनं चालतोय, छत्री पेटीवर, टक्कल उन्हात.

सावंत थोडा वेळ पाहत राहिला.

"सायबानू, तुमी उनात आनि पेटी सावळेत?"

"पेटीला ऊन बाधतं, सावंत."

"आनि तुमका?"

"मला धुता येतं."

भायखळ्याला पोचेपर्यंत काय झालं ऐका. ओलं किंतान घसरून टिळा उघडा पडलेला, वर झेंडू, डोक्यावर छत्र, आणि बाजूला एक कारकुनी चेहऱ्याचा मनुष्य गंभीरपणे चालतोय. भाजी घेऊन चाललेल्या एका बाईनं पाटी खाली ठेवली आणि पेटीला नमस्कार केला. मागून दुसरीनं फूल वाहिलं.

"कुठला देव हो?"

"देव नाही, बाई."

"मग देवी का?"

सावंत खोकत खोकत म्हणाला, "होय गो, देवीच. फोटो काढतली."

पुढं समितीचे कार्यकर्ते भेटले. हरताळाच्या तयारीला निघालेली वीसएक पोरं. त्यांनी गाडी अडवली.

"काय आहे पेटीत?"

"सांगता येतं, पण उघडता येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. पुढाऱ्यानं आवाज खाली आणला. "समजलं. काळजी नको, काका. आम्ही पोचवतो." काय समजलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण पोरांनी गाडीला हात लावला, पुढं दोन झेंडे लागले आणि "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"च्या गजरात आमची वरात निघाली. चिंचपोकळीला एक पोलीस पुढं आला, छत्रीकडे पाहून दोन पावलं मागं सरकला. खोटं कशाला बोलू, घोषणा मीही दिल्या. छत्री हलू न देता.

लालबागला दवाखान्यापुढं ही गर्दी! परुळेकर पायरीवरच उभा. त्यानं मला मिठी मारली, आणि मी ओला चिंब आहे हे कळल्यावर सोडली.

"चल, डार्करूममध्ये घेऊ. लाल दिवा लावतो."

"लाल दिवाही नको."

"अरे, लाल दिवा चालतो फिल्मला."

"कशाला जोखीम? मी कस्टमच्या हाती एक कवडसा लागू दिला नाही, आता घरात येऊन लावू?"

परुळेकरनं हात टेकले. डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली. फटींना मी घोंगड्या लावल्या. बाहेर ओरडून सांगितलं, गॅलरीतल्या बत्त्या घालवा. भर दुपारी बत्त्या कुठल्या? पण समोरच्या दोन बिऱ्हाडांनी पेटते स्टोव्हसुद्धा विझवले! आतमध्ये परुळेकर, मी, आणि पेटी फोडायला पकड घेतलेला सावंत. काळाकुट्ट अंधार. खिळे निघाल्याचा आवाज. पेंढा उपसल्याचा आवाज. बाहेर शंभर माणसं श्वास धरून.

"मोरू," अंधारातून परुळेकरचा आवाज आला, "फिल्म सपाट असते."

"असते की."

"हे गोल आहे."

"परदेशी आहे बाबा. गुंडाळून पाठवली असेल."

पेंढा पुन्हा खसखसला.

"याला दांडा आहे."

"दांडा?"

"आणि मध्ये खोलगट आहे."

सावंतनं खिशात हात घातल्याचं मला ऐकू आलं. काडीपेटी वाजली.

"सावंत! काडी नको! नको म्हणतो ना—"

काडी पेटली. परुळेकरच्या दोन्ही हातांत, नैवेद्य दाखवावा तसं, एक पांढरं शुभ्र, निळ्या काठाचं इनॅमलचं बेडपॅन होतं.

आणि माझा मूर्खपणा पाहा, तरीही मी ओरडलो, "विझव! खाली फिल्म असेल!"

खाली बेडपॅनच होती. तळापर्यंत.

सावंतनं दार उघडलं. उजेड आला, त्याबरोबर बाहेरच्या शंभर माणसांना ते दिसलं. हसणं कसं पसरतं माहीत आहे? पहिल्या रांगेत फुटलं, जिन्यावर चढलं, गॅलरीत गेलं आणि स्टोव्ह विझवून बसलेल्या बिऱ्हाडांपर्यंत पोचलं. समितीचा तो पुढारी माझ्याकडं असा पाहत होता, की जणू मी मुंबईच दुसऱ्याला देऊन आलोय.

परुळेकर मात्र हसला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "मग फिल्म कुठंय, मोरू?"

आणि मला माझेच शब्द आठवले. उन्हात मांडून एकेक मोजा! फार उपकार होतील!

सावंत भिंतीला टेकला. त्याला खोकला आला, आणि तो त्यानं पंचाच्या बोळ्यात दाबून धरला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या आवाजानं मी जो निघालो तो ट्रामच्या दांडीला लटकलो, तेव्हा कळलं की एका हातात छत्री आहे आणि ती अजून उघडीच आहे.

गोदीचं गेट बंद व्हायला आलं होतं. शेडच्या बाहेर भर उन्हात, अगदी मधोमध, माझी पेटी ठेवलेली. तिचं भिंतीकडचं तोंड आता माझ्याकडं होतं. आकडा एक. आणि वर इंदूच्या करंड्यातला टिळा! फूल तेवढं ढकलाढकलीत पडलेलं. शेजारी खुर्चीवर आजगावकर साहेब हातोडा मांडीवर ठेवून पेढा खात होते.

"उघडली?" मी किंचाळलोच.

"नाही."

मी पेटीवर छत्री धरली आणि खाली बसलो.

"का... का नाही उघडली?"

"माणकर, या खात्यात केस पांढरे झाले माझे. जो 'उघडू नका' म्हणतो त्याची पेटी उघडावी. जो 'हवी तेवढी उघडा' म्हणतो त्याच्या पेटीत काही नसतं. कशाला दमायचं?"

"मग सकाळची का नाही उघडलीत? मी तर तासभर 'उघडू नका' म्हणत होतो!"

"उघडणारच होतो. पण तुमचं भाषण संपेना आणि प्रसाद संपत आला." त्यांनी पेढ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "का? यात काय आहे?"

आता काय सांगणार? "भांडी," म्हणालो. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी बोललो नसेन. पण त्यांनी हातोडा उचलला तसा धीर सुटला आणि सगळं सांगून टाकलं. आजगावकरांनी हातोडा खाली ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदाचा सण आला. हसून हसून त्यांनी डोळे पुसले, सही केली आणि सावंतचे गडी मागोमाग हातगाडी घेऊन आले तेव्हा गेटवर स्वतः येऊन गाडी सोडवली.

त्या संध्याकाळी पेटी जिन्याखालच्या खोलीत उघडली, परुळेकरनं, लाल दिव्यात. मला आत घेतलं नाही.

पहिला फोटो भिकाजी सावंतचा. फिल्म वाळल्यावर परुळेकरनं ती खिडकीसमोर धरली. सावंत त्या काचेसारख्या काळ्या पानाकडं पाहत होता आणि त्याची बायको फक्त डॉक्टरच्या तोंडाकडं.

"स्वच्छ आहे," परुळेकर म्हणाला. "जुनाट सर्दी आहे, ती औषधानं जाईल. हरताळ संपला की गिरणीत जाऊन दाखवा."

बायकोनं पदर तोंडाला लावला. सावंतनं ती फिल्म हातात घेऊन उलटसुलट पाहिली. म्हणाला, "माका वाटला हुता, आत कायतरी दिसतला. ह्यां तर रिकामाच!" आणि रिकामं म्हणताना त्याचं तोंड असं फुललं होतं, की मला वाटलं, चला, उन्हात भाजलो त्याचं सार्थक झालं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मानानं थांबलो असतो. पण दवाखान्याची कमिटी थांबेना. आपल्या लोकांची रीत तुम्हाला माहीतच आहे. देवळाला घंटा द्या, शाळेला पंखा द्या, त्यावर नाव घातल्याशिवाय कुणाला झोप येत नाही. कमिटीनं ठरवलं, माणकरांनी इतके कष्ट घेतले, त्यांचं नाव कुठंतरी राहायला हवं. फिल्मवर नाव घालता येत नाही. मशीनवर आधीच एका शेठजींचं होतं. मग राहिलं काय?

इनॅमलवर टाकी मारली तर टवका उडतो, म्हणून बोर्ड रंगवणाऱ्याला बोलावून, तांबड्या ऑइलपेंटनं, वळणदार अक्षरांत, प्रत्येक बेडपॅनच्या कडेवर लिहिण्यात आलं: 'श्री. मो. ना. माणकर, गिरगाव, यांजकडून.'

इंदूला दाखवायला त्यांनी एक खास घरी पाठवलं होतं. ती हसत हसत जी खाली बसली, ती उठेचना. "अहो, आपल्या लग्नातल्या ताटांवरसुद्धा इतकं सुरेख नाही आलं हो नाव!"

ती गेल्यानंतरच्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. परुळेकर म्हणाला, दुसरीकडं कुठं जातोस, माझ्याकडंच ये. आता दवाखान्याचं छोटं इस्पितळ झालंय. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आयाबाईला हाक मारावी लागली. तिनं पडदा ओढला, वस्तू दिली आणि पाठ करून उभी राहिली.

"बाई," मी विचारलं, "अजून ही जुनीच वापरता?"

"जुनी म्हणून काय झालं? काय माल आहे! ज्यांनी दिली ना, ते माणकर, देवमाणूस असणार बघा. कधीच वारले असतील बिचारे. कोण कुठले, पण गोरगरिबांची केवढी सोय करून गेले!"

आता तो माणकर मीच, हे अभिमानानं सांगायला काय हरकत होती? मी तोंड उघडलंसुद्धा होतं. पण मंडळी, त्या क्षणी मी जिथं बसलो होतो, तिथून अभिमानानं काही सांगता येत नाही.